लिबरल आर्ट्स कॉलेजात इकॉनॉमिक्स की मोठी युनिव्हर्सिटी? १ मेच्या आत ठरवायचंय

अबोली_२१
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. मला इकॉनॉमिक्स करायचंय हे ठरलेलं आहे, त्यावर वाद नको प्लीज, तो घरी होऊन गेलाय. अमेरिकेत दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालीय. एक भलीमोठी स्टेट युनिव्हर्सिटी, डिपार्टमेंट नावाजलेलं, पीएचडी प्रोग्रॅम वगैरे सगळं आहे. दुसरं एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारं आणि सगळ्या विषयांची ओळख करून देणारं, सगळी मिळून दोन हजारच्या आत मुलं, गावही तेवढंच. कॉलेजने एड (आर्थिक मदत) चांगली दिली त्यामुळे दोन्हीकडचा खर्च जवळपास सारखाच पडतोय, म्हणजे पैशावरून निर्णय होत नाहीये आणि तोच वैताग आहे.

छोट्या कॉलेजात इकॉनॉमिक्स पातळ असतं का? गणित कमी पडतं का? पुढे पीएचडी करावीशी वाटली तर दारं बंद होतात का? नोकरीचंही सांगा. इथे तिकडे शिकलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

निशाचर
मोठी युनिव्हर्सिटी घे. विषय संपला.

बरं थोडं लिहितो नाहीतर लोक धावून येतील. इकॉनॉमिक्स हा असा विषय आहे की पहिली दोन वर्षं सगळीकडे सारखीच असतात, इंट्रो मायक्रो, इंट्रो मॅक्रो, मग इंटरमीजिएट मायक्रो-मॅक्रो, मग इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले दावे तपासणं. फरक पडतो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मोठ्या ठिकाणी गेम थिअरीचे दोन-तीन कोर्स, इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन, टाइम सिरीज, वाटलं तर चौथ्या वर्षी पीएचडीच्या पहिल्या वर्षाचा मायक्रोचा कोर्स, सगळं एका इमारतीत. छोट्या कॉलेजात कॅटलॉगमध्ये कोर्स छापलेला असतो पण शिकवणारा माणूस एकच, तो सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेला की तो विषय त्या वर्षापुरता गायब. शिवाय नाव कोणाला माहीत नसतं, प्रत्येकाला समजावत बसा कॉलेज कुठे आहे ते.

झिपरी
निशाचर, तू कधी पाचशे जणांच्या हॉलमध्ये इंट्रो मॅक्रो शिकलायस का, शिकला असशीलच, मग सांग ना प्रोफेसरला तुझं नाव माहीत होतं का :)

मी आत्ता तिसऱ्या वर्षाला आहे अशाच एका कॉलेजात. इंट्रोच्या वर्गात जास्तीत जास्त तीस जण, वरच्या कोर्सला पंधरा-वीस. टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे पीएचडी वगैरे करणारे विद्यार्थी, वर्ग घेत नाहीत कारण ग्रॅड स्टुडंट नसतातच, पेपरसुद्धा प्रोफेसर स्वतः तपासतात, म्हणजे लपायला जागा नाही हे पण तेवढंच खरं. वाचून नाही गेलं की पाच मिनिटांत कळतं सगळ्यांना.

एक उदाहरण देते. इकॉनोमेट्रिक्समध्ये आम्हाला कार्ड आणि क्रूगरचा १९९४ चा मिनिमम वेजचा पेपर होता. न्यू जर्सीने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाने नाही केलं, मग दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांत आधी आणि नंतर किती माणसं कामाला होती ते मोजलं, आणि पुस्तकात जसं लिहिलेलं असतं की वेतन वाढलं की नोकऱ्या जाणार तसं काही दिसलं नाही. हे स्लाइडवर दोन मिनिटांत सांगून पुढे जाता येतं. आमच्याकडे काय झालं, आधी त्यांचा डेटा उतरवून सगळे आकडे स्वतः काढायचे, ते जुळेपर्यंत सुटका नाही, मग न्यूमार्क आणि वॉशर यांनी पेरोलच्या नोंदी वापरून उलट निष्कर्ष काढला ते वाचायचं, मग त्यावर कार्ड-क्रूगरचं उत्तर, आणि शेवटी वर्गात अर्धे एका बाजूने अर्धे दुसऱ्या बाजूने भांडायचे आणि भांडून झालं की बाजू बदलायची. तीन आठवडे गेले त्यात. सिलॅबस मागे पडला हेही सांगते, टाइम सिरीज जेमतेम झाली. पण पेन्सिल्व्हेनियाच का निवडलं, दुकानंच का, फोनवर विचारलेल्या आकड्यात आणि पगाराच्या नोंदीत फरक का पडतो, हे आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

निशाचर
झिपरी, हो पाचशेचाच हॉल होता, आणि प्रोफेसरला माझं नाव माहीत नव्हतं, मला त्याचं माहीत होतं ते पुरलं. ऑफिस अवर्सला कोणी जात नाही म्हणून मी एकटाच असायचो. मोठ्या ठिकाणीही जवळीक मिळते, मागावी लागते एवढंच.

आणि तुझं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. तीन आठवडे एका पेपरवर, टाइम सिरीज बुडाली. ज्याला मॅक्रोत पुढे जायचंय त्याने काय करायचं?

पांथस्थ
मी अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात बरीच वर्षं इकॉनॉमिक्स शिकवतोय, त्यामुळे माझी बाजू कुठली ते आधीच कळलं असेल. तरीपण निशाचर म्हणतोय त्यातलं निम्मं मान्य आहे मला.

अबोली, तुझा पहिला प्रश्न पातळ असतं का. मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, कोर्सची जी किमान यादी असते ती पातळ असते, हो. बहुतेक कॉलेजांत कॅलक्युलसचा एक किंवा दोन कोर्स झाले की इकॉनॉमिक्सचं मेजर पुरं करता येतं. त्यामागे कारण आहे. यातल्या बऱ्याच कॉलेजांत बिझनेस हा मेजर नसतोच, मग ज्यांना बँकेत किंवा कन्सल्टिंगमध्ये जायचंय ती सगळी मुलं इकॉनॉमिक्सला येतात, म्हणून कित्येक ठिकाणी हा सगळ्यात गर्दीचा मेजर आहे. त्या सगळ्यांना रिअल ॲनालिसिस (कॅलक्युलसच्या मुळाशी जाऊन सगळं सिद्ध करायला लावणारा गणिताचा कोर्स) घ्यायला लावलं तर अर्धा वर्ग पळून जाईल, म्हणून डिपार्टमेंट उंबरठा खाली ठेवतं. मात्र त्याच इमारतीत गणिताचं डिपार्टमेंट असतं आणि तिथे जायला तुला कोणी अडवत नाही, उलट ते वाटच बघत असतात. पीएचडीच्या ॲडमिशन कमिटीला काय हवं असतं ते उघड आहे: मल्टिव्हेरिएबल कॅलक्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स आणि रिअल ॲनालिसिस, तेही चांगल्या ग्रेडने. ॲनालिसिस हे प्रत्यक्ष वापराला कमी आणि चाळणीला जास्त लागतं, पण चाळणी आहे ती आहे. हे चार कोर्स जवळपास प्रत्येक बऱ्या लिबरल आर्ट्स कॉलेजात आहेत. फरक एवढाच की कोणी सांगणार नाही घे म्हणून. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जागी झालीस तर वेळापत्रकात बसत नाहीत, कारण ॲनालिसिसच्या आधी लिनिअर अल्जिब्रा आणि बऱ्याच ठिकाणी प्रूफ लिहायला शिकवणारा एक वेगळा कोर्स लागतो. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला एक गणित, एवढं एक पाळलंस तरी खूप झालं.

दारं बंद होतात का, तर यादी बघ. नोबेल मिळालेले जोसेफ स्टिग्लिट्झ आणि एडमंड फेल्प्स दोघे ॲमहर्स्ट कॉलेजचे. स्टिग्लिट्झ तर तिथे आधी फिजिक्स करत होता, उशिरा इकॉनॉमिक्सकडे वळला. जोशुआ अँग्रिस्ट, ज्याला २०२१ चं नोबेल कार्ड आणि इम्बेन्सबरोबर विभागून मिळालं (झिपरीचा तोच कार्ड), तो ओबर्लिनचा, १९८२ चा. आणि मागे जायचं तर मिनेसोटातल्या नॉर्थफील्डचं कार्लटन कॉलेज, तिथे जॉन बेट्स क्लार्क शिकवायचा आणि त्याच्यासमोर बाकावर थॉर्स्टाइन व्हेब्लेन. १८८० साली व्हेब्लेन तिथून बाहेर पडला. गुरू मार्जिनल प्रॉडक्टिव्हिटीचा, म्हणजे ज्याची उत्पादनात जेवढी भर तेवढा त्याला मोबदला असं मांडणारा, चेला त्या सगळ्या अर्थशास्त्राची टर उडवणारा. आज ज्या पदकाला नोबेलखालोखाल मान आहे ते त्याच क्लार्कच्या नावाचं.

आता यावर निशाचर म्हणेल की नोबेलवाल्यांची नावं काढून काय सिद्ध होतं, आणि बरोबर म्हणेल. हार्वर्ड-शिकागोची यादी याहून लांब आहे. पण ही कॉलेजं किती छोटी आहेत ते लक्षात घे. पदवीधरांच्या संख्येच्या प्रमाणात पाहिलं तर स्वार्थमोरसारखी कॉलेजं इकॉनॉमिक्सच्या पीएचडीकडे जाणाऱ्यांमध्ये फार वर दिसतात.

वाटाड्या
पांथस्थ सर, व्हेब्लेनची गोष्ट भारी. बाकी धाग्यावर सगळे नोबेलच्या गप्पा मारतायत आणि कोणी व्हिसाचं बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, कारण परदेशी मुलांसाठी हा मुद्दा इकॉनॉमिक्समध्येच सगळ्यात विचित्र आहे.

अबोली, पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. डिग्री स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरली जात असेल तर आणखी २४ महिने, म्हणजे एकूण ३६. आता इकॉनॉमिक्स स्टेम आहे का? तर आहेही आणि नाहीही. सरकारी यादीत साध्या इकॉनॉमिक्सचा कोड ४५.०६०१, तो स्टेम नाही. ४५.०६०३ म्हणजे इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, तो स्टेम. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कॉलेजांनी आपला तोच जुना मेजर उचलून ४५.०६०३ मध्ये टाकला, अभ्यासक्रमात किरकोळ बदल करून. काहींनी नाही केलं. काही ठिकाणी एकाच डिपार्टमेंटमध्ये दोन ट्रॅक आहेत, एक स्टेम आणि एक नाही. म्हणजे एकाच वर्गात बसून तेच शिकलेल्या दोघांना नोकरीसाठी मिळणारा वेळ तिप्पट वेगळा असू शकतो. दोन्ही ठिकाणी ईमेल करून सरळ विचार की इकॉनॉमिक्स मेजरचा सीआयपी कोड, म्हणजे हाच सरकारी यादीतला कोड, काय. वेबसाइटवर बहुतेक वेळा सापडत नाही. आणि वाढीव २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्यांची कामाची परवानगी तपासायची सरकारी यंत्रणा) असावी लागते हे पण डोक्यात ठेव.

अबोली_२१
बापरे, हे कोडचं काहीच माहीत नव्हतं. आजच दोन्हीकडे मेल टाकते.

पांथस्थ सर खूप आभार. एक विचारायचं होतं, गणित मला जमतं पण आवडतंच असं नाही. म्हणजे मला प्रश्न आवडतात, की काही भाग गरीब का राहतात, भाव का वाढतात, असे. मग मी चुकीच्या विषयाकडे चाललेय का?

सावली
अबोली, अजिबात नाही, आणि इथे सगळे पीएचडी पीएचडी करतायत त्याचा मला थोडा रागच आलाय. इकॉनॉमिक्स शिकणाऱ्यांतले पीएचडीला जाणारे किती, मूठभर. बाकीच्यांचं काय?

मी लिबरल आर्ट्स कॉलेजात इकॉनॉमिक्स आणि इतिहास असं डबल मेजर केलं, आता आरोग्यावरच्या सार्वजनिक खर्चाचं काम करते. कामाचे ऐंशी टक्के म्हणजे काय तर कोणीतरी पाठवलेला तक्ता बघून यात काय गडबड आहे ते ओळखणं, आणि ते अशा माणसाला दोन पानांत लिहून सांगणं ज्याला तक्ता वाचायचा नाहीये. पहिलं इकॉनोमेट्रिक्सने शिकवलं, दुसरं इतिहासाच्या पेपरांनी, जिथे दर आठवड्याला कोणीतरी माझी वाक्यं लाल करून परत पाठवायचं. तुझे जे प्रश्न आहेत ना, काही भाग गरीब का राहतात वगैरे, ते आज इकॉनॉमिक्समध्ये पण इतिहास आणि राजकारण घेऊनच सोडवतात. जिथे त्या तिन्ही विषयांचे लोक एकाच मेसमध्ये जेवतात तिथे हे शिकणं सोपं जातं.

नावंच हवीत तर ही घ्या. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान, मॅकॅलेस्टर कॉलेज, इकॉनॉमिक्स, १९६१. ॲलिस रिव्हलिन, ब्रिन मॉर, १९५२, अमेरिकन काँग्रेसच्या बजेट ऑफिसची पहिली संचालक, १९७५ पासून, म्हणजे ती संस्था उभीच तिने केली, नंतर फेडरल रिझर्व्हची व्हाइस चेअर. सिंगापूरचे माजी पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सचं मास्टर्स कुठे केलं, तर विल्यम्स कॉलेजात. मॅसॅच्युसेट्सच्या कोपऱ्यातलं डोंगरातलं गाव, आणि तिथे १९६० पासून विकसनशील देशांतल्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी खास मास्टर्सचा कोर्स चालतो.

आणि अजून एक. अमेरिकेत इकॉनॉमिक्स मेजर करणाऱ्यांत मुली साधारण एक तृतीयांशच असतात. तुझ्या कॉलेजात किती आहेत आणि प्रोफेसरांमध्ये किती बायका आहेत ते बघ. पाचशेच्या हॉलमध्ये हात वर करणं आणि पंधराच्या खोलीत करणं यात आपल्यासाठी फरक पडतो.

निशाचर
सावली, रिव्हलिन बाईंनी पुढे पीएचडी केलीच होती हो, रॅडक्लिफला.

सावली
माहितीये. मुद्दा तो नव्हता.

चिंतामणी
मी पालक या बाजूने लिहितो. अबोलीचा पैशाचा प्रश्न सुटलेला आहे पण पुढे धागा वाचणाऱ्यांना उपयोग होईल. या कॉलेजांची छापील किंमत आता वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे गेलीय, राहणं-खाणं धरून. ते बघून घाबरून पान बंद करू नका, आणि एड मिळेलच असंही धरू नका. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत नीड-अवेअर आहेत, म्हणजे तुम्ही किती मदत मागताय ते बघून ॲडमिशन ठरते. ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकी आहेत जी परदेशी मुलांनाही पैसे न बघता निवडतात आणि मग गरज पूर्ण भागवतात, पण तिथे शिरणं किती अवघड ते वेगळं सांगायला नको. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर वगैरे ठिकाणी मेरिट स्कॉलरशिप पण असते. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजात लवकर केलेला अर्ज, बांधील असतं हे मुलांना समजावून सांगा, हो म्हणलं की जावं लागतं, बाकी अर्ज मागे घ्यायचे.

आमच्या घरी मुलगी इकॉनॉमिक्सला गेली आणि दुसऱ्या वर्षी जिऑलॉजी घेऊन बसली. लिबरल आर्ट्सची ही पण एक जोखीम आहे, मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो. मी जोखीम म्हणतो, ती म्हणते हाच तर फायदा. आता काय बोलणार.

झिपरी
काका, जिऑलॉजी भारी आहे, ती खूष आहे ना?

चिंतामणी
फारच. सुट्टीत घरी येते ती दगड घेऊन.

कर्कोटक
सगळी लिबरल आर्ट्स कॉलेजं एकाच मापात मोजताय तुम्ही लोक. कॉलेजागणिक शिकवायची पद्धत इतकी वेगळी की इकॉनॉमिक्स शिकण्याचा अनुभवच बदलतो. विल्यम्सला ट्युटोरियल असतात, दोन विद्यार्थी आणि एक प्रोफेसर, एका आठवड्यात एकाने निबंध लिहून वाचायचा, दुसऱ्याने तो फाडायचा, पुढच्या आठवड्यात उलट. स्वार्थमोरला १९२२ पासून ऑनर्स प्रोग्रॅम आहे, शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतून परीक्षक येतात, लेखी आणि तोंडी दोन्ही, म्हणजे तुझा शिक्षकच तुला ग्रेड देणार हा प्रकार नाही, त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला होतात. कोलोरॅडो कॉलेजला १९७० पासून ब्लॉक प्लॅन, साडेतीन आठवडे एकच विषय, मग पुढचा. कार्लटनला दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म. रीडला प्रत्येकाला थीसिस लिहावाच लागतो.

ब्लॉक प्लॅनमध्ये इकॉनोमेट्रिक्स कसं होत असेल ह्याचं मला कायम कुतूहल आहे. साडेतीन आठवड्यांत रिग्रेशन डोक्यात मुरायला वेळच कुठे मिळतो. पण तिथून आलेले म्हणतात की सकाळ-संध्याकाळ तेच केल्यामुळे उलट पक्कं बसतं. असेल बुवा.

अबोली, तुझं कॉलेज कोणत्या पद्धतीचं आहे ते नाव न सांगता सांगितलंस तरी चालेल.

अबोली_२१
साधे दोन सेमिस्टर आहेत, दर सेमिस्टरला चार कोर्स. थीसिस ऐच्छिक आहे पण ऑनर्स हवं असेल तर लिहावा लागतो. आणि शेजारच्या कॉलेजांशी करार आहे, तिथले कोर्स घेता येतात म्हणे, बस असते.

पांथस्थ
करार आहे हे महत्त्वाचं आहे आणि तू शेवटी सांगितलंस! निशाचरचा मुख्य मुद्दा होता की कोर्स कमी असतात, त्याला बरंचसं उत्तर इथेच मिळतं. क्लेअरमाँटची पाच कॉलेजं एकमेकांना चिकटून आहेत, पोमोना, क्लेअरमाँट मॅकेना, स्क्रिप्स, हार्वी मड, पिट्झर, चालत जाऊन कुठलाही कोर्स घ्या. स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉरची मुलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कोर्स घेऊ शकतात. ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर या चौघांबरोबर पाचवी मॅसॅच्युसेट्सची स्टेट युनिव्हर्सिटी आहे, आणि तिथलं इकॉनॉमिक्स डिपार्टमेंट सत्तरच्या दशकापासून मुख्य प्रवाहाच्या बाहेरच्या अर्थशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे, बोल्स, गिंटिस वगैरे मंडळी तिथलीच. म्हणजे एकीकडे नेहमीचं मायक्रो शिकायचं आणि बसने जाऊन त्यावरची टीकाही शिकून यायची.

फक्त बसचं वेळापत्रक बघ. थट्टा नाही करत. कागदावर करार असतो आणि बस अशी असते की एका कोर्सपायी अख्खी दुपार जाते, मग कोणी जात नाही. आत्ता शिकणाऱ्या मुलांना विचार की गेल्या वर्षी किती जण गेले.

तिसऱ्या वर्षी बाहेर जायचा पर्यायही आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जनरल कोर्स म्हणून वर्षभराचा प्रोग्रॅम असतो, लिबरल आर्ट्सची बरीच मुलं जातात. गणिताकडे कल असेल तर बुडापेस्ट सेमेस्टर्स इन मॅथेमॅटिक्स, तिथे ॲनालिसिस केलेल्या मुलांकडे पीएचडीवाले जरा वेगळ्या नजरेने बघतात.

आणि गणित आवडत नाही म्हणालीस त्याबद्दल. सावलीशी मी सहमत आहे, पण एक भर घालतो. इंटरमीजिएट मायक्रोत लॅग्रांजियन (मर्यादा सांभाळून सगळ्यात चांगला पर्याय काढायची गणिती रीत) लावून कन्झ्युमरचं गणित सोडवतो तेव्हा मुलांना वाटतं हे प्रश्नांपासून लांब चाललंय. दोन वर्षांनी तीच मुलं थीसिस लिहायला बसतात आणि त्यांना कळतं की आपण जे म्हणतोय ते नेमकं काय म्हणतोय हेच माहीत नाही, मग परत वहीत ते समीकरण शोधतात. आत्ताच आवडलं पाहिजे अशी घाई नाही. पण आवडत नाही म्हणून टाळू नकोस, एवढंच.

निशाचर
ओके, कराराचं मान्य. तरी शिफारसपत्राचा मुद्दा कोणीच काढला नाही. पीएचडीच्या कमिटीत बसलेले लोक एकमेकांना ओळखतात. मोठ्या डिपार्टमेंटमधल्या नावाजलेल्या माणसाने लिहिलं की माझ्या पाहण्यातल्या मुलांत ही वरच्या पाचात, तर त्याला वजन असतं. छोट्या कॉलेजातल्या प्रोफेसरने चार पानं प्रेमाने लिहिली तरी कमिटीला त्या माणसाचा मापदंड माहीत नसतो.

पांथस्थ
खरं आहे. आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच आता बरीच मुलं मधे एक-दोन वर्षं प्री-डॉक करतात, मोठ्या विद्यापीठात किंवा फेडरल रिझर्व्हच्या एखाद्या बँकेत रिसर्च असिस्टंट म्हणून, आणि तिथलं एक पत्र नि आमचं एक असं जातं. फेडला परदेशी नागरिकांना घेण्यावर ठिकठिकाणी वेगवेगळी बंधनं आहेत, ते आधी बघावं लागतं. आणि ही वाट मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांनाही आता चुकत नाही, त्यामुळे शर्यतीत तू मागे पडतेस असं नाही. प्री-डॉकला निवडताना मात्र आधी रिसर्च केलाय का, कोड लिहिता येतो का हे बघतात, आणि तिथे आमची मुलं पुढे असतात कारण उन्हाळ्यात प्रोफेसरबरोबर काम करायला त्यांच्या आड ग्रॅड स्टुडंट येत नाहीत. आर किंवा स्टाटा, जमलं तर पायथन, पहिल्या उन्हाळ्याच्या आत.

झिपरी
नोकरीचं मी सांगते कारण आत्ता त्याच्यातून जातेय. बँका आणि कन्सल्टिंगवाले तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप दुसऱ्या वर्षातच भरायला लागलेत, म्हणजे इंटरमीजिएट मॅक्रो पण झालेलं नसतं आणि मुलाखत देतोय. नावाजलेल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांचं जाळं घट्ट असतं, मेल टाकला की फोन करतात, हे खरंच काम करतं. पण परदेशी मुलांना फॉर्मवरच्या त्या एका प्रश्नाला, स्पॉन्सरशिप (कंपनीने व्हिसा काढून देणं) लागेल का, हो म्हणावं लागतं आणि तिथे जाळं बिळं काही चालत नाही. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना हे कळतच नाही. त्यामुळे वाटाड्या म्हणतोय तो कोडचा प्रश्न सगळ्यात आधी.

अबोली_२१
मेलची उत्तरं आली! कॉलेजचा इकॉनॉमिक्स मेजर ४५.०६०३ मध्येच आहे. स्टेट युनिव्हर्सिटीत दोन मेजर आहेत, बी.ए. वाला साधा आणि बी.एस. वाला स्टेम, आणि मला ॲडमिशन बी.ए. ला मिळालीय, बदलायचं असेल तर पहिल्या वर्षानंतर अर्ज करायचा आणि कॅलक्युलसच्या ग्रेडवर ठरणार असं लिहिलंय.

बसबद्दल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला विचारलं, ती म्हणाली तासाला एक आहे पण संध्याकाळी सातनंतर नाही. आणि ॲनालिसिस दर वर्षी फक्त फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला, असतं.

वाटाड्या
मग काय, निशाचरने धागा बंद करायच्या आधीच निकाल लागला की.

निशाचर
बी.ए. ला ॲडमिशन आहे हे आधी सांगायचं ना बाई. स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे आपोआप बी.एस. असं धरून मी बोलत होतो. तरी पहिल्या वर्षानंतर बदलता येतं, ग्रेड तुझ्या हातात आहेत. माझं मत अजून तेच आहे, पण आता एवढ्या जोरात नाही.

पांथस्थ
ॲनालिसिस फक्त फॉलमध्ये असेल तर हिशोब आत्ताच मांड. तिसऱ्या वर्षी फॉलमध्ये ते घ्यायचं असेल तर दुसरं वर्ष संपायच्या आत मल्टिव्हेरिएबल, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रूफवाला कोर्स हे तिन्ही व्हायला हवेत. आणि ॲनालिसिस तिसऱ्या वर्षीच घे, चौथ्या वर्षी घेतलंस आणि थेट पीएचडीचे अर्ज केलेस तर डिसेंबरात अर्ज जाताना त्याची ग्रेड आलेली नसते. बाहेर जायचं तर स्प्रिंगमध्ये जा, लंडनचं पूर्ण वर्ष घेतलंस तर फॉल हातातून जातो. कॉलेजला हो म्हणलीस तर उन्हाळ्यात गणिताची प्लेसमेंट परीक्षा असेल, ती मनापासून दे, तिथे एक पायरी वर बसलीस तर अख्खं सेमिस्टर मोकळं होतं.

झिपरी
आणि पहिल्याच सेमिस्टरला सकाळी आठचा वर्ग घेऊ नकोस. हे कुठल्याही प्रोफेसरने सांगितलेलं नाही, मी सांगतेय.